नाकाचं थोडंसंच काढू

नाही, पण थोडंसं म्हणजे किती, हे कुणी सांगेल का मला? सकाळपासून नाक त्या डॉक्टरीणबाईंच्या हवाली केलंय, आणि बाई आपल्या गोड आवाजात एकच सांगतायत, "काका, थोडंसंच काढू!"

तुम्हाला सांगतो, नाकावर पुळी होती, दाण्याएवढी. बरी होईना म्हणून तपासली, तर कॅन्सर! बाई म्हणाल्या, "घाबरू नका. एक पातळ थर काढायचा, लगेच मायक्रोस्कोपखाली बघायचा, उरला असेल तर तेवढ्याच जागी अजून एक थर. चांगलं नाक उगाच जात नाही. थोडंसंच काढू!"

आता मी पडलो सुतार! रंधा मारण्यात जन्म गेला. थोडंसंच काढू, थोडंसंच काढू करता करता आमच्या न्हाणीघराचा दरवाजा एवढा अरुंद झालाय, की कडी चौकटीला पोचत नाही. बायको आत गेली की मोठमोठ्यानं गाणी म्हणते, बाहेरच्याला कळावं म्हणून!

तर पहिला थर काढला, पट्टी लावली, बाहेर बसवलं. बायको विचारते, "दुखतंय का हो?" म्हटलं, दुखत नाही गं, बधिर केलंय, पण नाकच गेलं तर चष्मा कुठे ठेवू? चष्म्याशिवाय पेन्सिलीची रेघ दिसत नाही, मग करवत काय बोटावर चालवू? तर म्हणते, "जीव वाचतोय ना, चष्म्याचं काय घेऊन बसलात!" अगं, हातातलं काम गेल्यावर त्या जिवाचं काय लोणचं घालायचंय?

तेवढ्यात नर्स. "काका, या, डाव्या कडेला जरा राहिलाय." जरा! परत आत, परत जाडजूड पट्टी, परत बाहेर, आणि परत... "काका, या!" अहो, रंध्याखालचा छिलका निदान डोळ्यांना दिसतो, इथे तो आतल्या खोलीत जातो आणि आपण पट्टी चाचपत बसायचं, अजून किती उरलंय म्हणून! खरं सांगू? भीती वाटते हो. फार वाटते.

शेवटी बाईच बाहेर आल्या, हसत! "काका, निघाला सगळा!" बायको रडायलाच लागली. मी आरसा मागितला.

"आरसा नंतर. आधी तो खड्डा बुजवू, कातडीचं ठिगळ लावून."

म्हटलं, ठिगळ आणणार कुठून?

"तुमच्याच कानामागून. थोडंसंच काढू!"

काढा, म्हटलं. नाकच नाही, तर चष्म्याच्या काड्यांना कान तरी हवेत कशाला!