नयनच्यापेक्षा मोठी बॅटरी

कोलशेतच्या बॅटरीच्या दुकानात श्रीपादराव इन्व्हर्टरसाठी थांबले होते. डोळे पुस्तकात होते, पण कान शेजारच्या दोघा भावांकडे. थोरला हरेश, धाकटा नयन. दोघांच्या जीपगाड्या बाहेर उभ्या होत्या.

"शेठ, याला दिलीस त्यापेक्षा मोठी दे मला," हरेश दुकानदाराला म्हणाला.

"दादा, मोठी मावणार नाय. गाडीतला बॅटरीचा ट्रे कापायला लागेल," नयन म्हणाला.

"कापू दे. रविवारी चिखलातून गाडी ओढून काढायला विंच लावला आणि माझी बॅटरीच बसली. शेवटी तू ओढलास मला. आबा तुझ्या गाडीत बसून बघत होते. आता स्वतःचा बाप असून गावभर सांगत फिरतात."

"मग काय, ठेवायचा होता तुला चिखलात?"

"ओढायचं रे. पण आबांसमोर नाय."

"आणि मोठी घेऊन करणार काय?"

"तुला ओढणार."

"मी अडकतच नाय."

"तेच तर."

श्रीपादरावांनी उगाच एक पान उलटलं.

"नयन, येत्या रविवारी एकदा अडकशील?"

"आबांसमोर?"

"हां."

"अडकतो. पण आबांना तुझ्या गाडीत बसव. ओढणारा जवळून दिसला पाहिजे."

हरेश दुकानदाराकडे वळला. म्हणाला,

"शेठ, ट्रे नको कापूस. याच्याएवढीच बसव."