फोन मी उचलतो

…नाही, पण मला एक सांगा, वाजणारा फोन उचलणं हा काय गुन्हा आहे का हो? आमची ताई म्हणते, गुन्हा आहे! ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, आणि कंपनीची मालकीणही तीच. कंपनी म्हणजे काय, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत ताई, बाहेरच्या खोलीत मी, आणि खालून इस्त्रीची वाफ. दाताच्या डॉक्टरांसाठी सॉफ्टवेअर करतो आम्ही. कोणाला कधी बोलावलंय, कोणाची दाढ भरली, कोणाची उपटली, सगळं त्यात! एकोणीस वर्षं झाली. प्रोग्रॅम कोण लिहितं? ताई. आणि फोन कोण उचलतो? फोन मी उचलतो!

आणि समोर कोण, तर ती बडी कंपनी. नाव नाही घेत, आपण कशाला त्यांची फुकट जाहिरात करायची? त्यांनी काय केलं माहितीये? दाताचा एक्स-रे काढायचं मशीन घ्या, सॉफ्टवेअर फुकट! आता फुकटाशी कुस्ती खेळायची कशी? एकेक डॉक्टर गेला. आणि जाताना काय गोड बोलून गेले, "तुमची सर्व्हिस म्हणजे सर्व्हिस हो!" अहो, मग जाताय कशाला!

बाकीच्यांचं एक वेळ ठीक आहे, पण आमच्या डॉक्टरीणबाई गेल्या हो… पहिलं गिऱ्हाईक आमचं. त्यांनी एकदा सकाळी फोन केला, "अहो, माझे निम्मे पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच पांढरे पडतात, ते कुठेतरी लिहून ठेवायची सोय करा ना." संध्याकाळपर्यंत ताईने रकाना तयार केला. 'घाबरतो का?' बस्स, एवढाच रकाना! त्यात काय काय लिहायच्या बाई… "सुईचं नाव काढू नये." "बायकोला बाहेर बसवावे." "एकदा पळाला आहे, दाराकडे लक्ष." बड्या कंपनीत असलं कोणी करेल? तिथे रकाना हवा असेल तर सात साहेबांच्या सात मीटिंगा होतील आणि आठवा साहेब विचारेल, दात म्हणजे काय?

पण पुढे ऐका. हे गेलेले लोक अडले की फोन कोणाला करायला लागले? मला! कारण तिकडे फोन केला की बाई बोलते, रेकॉर्ड केलेली, "आपण रांगेत एकेचाळिसावे आहात, आपण आमच्यासाठी अत्यंत मोलाचे आहात…" एकेचाळिसाव्याचं कसलं आलंय मोल! मग डॉक्टर वैतागणार, जुनी वही काढणार, आमचा नंबर फिरवणार. "अहो, यांच्यात पेशंटची तारीख बदलायची कशी हो?" आता मला काय माहीत! पण नाही म्हणवेना. म्हणून मी त्यांचा प्रोग्रॅम शिकलो. रीतसर वही घालून! आणि लागलो सांगायला, "डावीकडे वर बघा डॉक्टर, घड्याळाचं चित्र दिसतंय ना? हं, तेच दाबा."

ताई आतून ओरडायची, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतोयस! तू नोकरीला कोणाकडे आहेस रे?" म्हटलं, ताई, फोन वाजला. फोन मी उचलतो!

खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होतो. बोलणं संपलं की "बरंय, ठेवू?" म्हणायच्या आधी माणूस जरासा थांबतो ना… तेवढ्यात मला दर वेळी वाटायचं, आता म्हणतील, "परत येऊ का हो तुमच्याकडे?" आणि ते म्हणायचे, "बरंय, ठेवतो."

आणि मी तरी कसला शहाणा! इतकं नीट शिकवलं, इतकं नीट शिकवलं, की सगळे तरबेज झाले आणि फोन बंद! आपल्या हाताने पायावर धोंडा, तोही नेम धरून! तुम्हाला सांगतो, गप्प बसलेला फोन फार वाईट. मी दिवसातून दोनदा उचलून बघायचो, चालू तरी आहे ना.

मग ताई एक दिवस म्हणाली, "या महिन्यात गेलेला एक जरी परत आला तरी चालू ठेवू. नाहीतर खोल्या सोडू." चष्मा पुसत म्हणाली. चष्मा स्वच्छच होता.

तीस दिवस! एकोणतीस कोरडे गेले. आणि काल, तिसाव्या दिवशी, दुपारी… वाजला! कोण? डॉक्टरीणबाई! "अहो, यांच्यात तो घाबरटांचा रकाना कुठे हो? काल एकजण अर्धी भूल घेऊन पळाला!" आतला ताईचा कीबोर्ड थांबला. मी म्हटलं, बाई, तो फक्त आमच्याकडे आहे. आणि धीर करून म्हटलंच… परत या ना. बाई म्हणाल्या, "मनात फार आहे हो. पण ते मशीन त्यांच्याच प्रोग्रॅमवर चालतं. तुम्ही असं करा ना, तुम्हाला छान बोलता येतं, तुम्हीच त्यांना रकाना करायला सांगा!"

आणि मी फोन केला! हो, बड्या कंपनीला, मी! एकेचाळिसावा होतो, पहिला होईस्तोवर एकच ट्यूं-ट्यूं गाणं ऐकलं, आणि शेवटी एक मुलगी आली. खरीखुरी! सगळं ऐकून घेतलं तिने, आणि आवाज बारीक करून म्हणते, "सर, आम्हाला उत्तरं छापून दिलीयेत, त्यात हे नाही. पण कोणाला सांगू नका हं… आम्ही इथे नवीन होतो ना, तेव्हा अडलो की दवाखान्यातून बोलतोय असं सांगून एका नंबरवर विचारायचो. कोणी एक काका आहेत. सगळं येतं त्यांना, आणि फोन लग्गेच उचलतात! लिहून घेता?"

पहिले तीन आकडे ओळखीचे वाटले. चौथ्याला घाम फुटला. तुम्ही म्हणाल, सांगायचं ना तिला, बाई गं, तो काका मीच! कसं सांगू हो? इतक्या कौतुकाने देत होती. घेतला लिहून.

ठेवला फोन. समोर कागद, कागदावर आमचाच नंबर. उद्यापासून खोल्या शिंप्याच्या. काय वाटलं कोण जाणे… फिरवला तोच नंबर, त्याच फोनवरून. म्हटलं, बघू तरी, आपलं कोणी उचलतंय का.

एंगेज!

आतून ताईने विचारलं, "लागला का रे?"

म्हटलं, "नाही ताई. फार गर्दी आहे आपल्याकडे."