मिशी आणि आजारी वानर

मिशी परत का ठेवली नाही म्हणून विचारता, तर आधी वानराचं ऐका. लढाईच्या दिवसांत मी राजूरला मास्तर होतो. एका सकाळी एक आजारी वानर आमच्या परसात येऊन पडलं. गावचा न्हावी कुंपणावरून म्हणाला, "मास्तर, मारुतीरायानं तुमच्या परसात प्राण सोडला तर दहावा तुमालाच घालावा लागंल. डोई न् मिशी, दोनी उतरवायची."

डोक्यावर फारसं नव्हतंच, पण मिशी मी कॉलेजपासून जपलेली. तीन दिवस त्या वानराला गूळपाणी पाजलं. त्यानं दोनदा माझ्या थोबाडीत दिली.

बायको पायरीवर बसून हसायची. "जाऊ द्या हो त्याला. तुमचा चेहरा तरी बघायला मिळेल."

चौथ्या दिवशी वानर पेरूवर चढलं आणि पसार झालं. न्हावी हळहळला.

"मी आजारी पडले तर एवढं कराल?" तिनं विचारलं.

"थोबाडीत देणार नसलीस तर."

गेल्या पौषात ती तापानं पडली. सगळं केलं, पण ती काही पेरूवर चढली नाही.

दहाव्याला तोच न्हावी वस्तरा घेऊन अडखळला. "मास्तर, मिशी ऱ्हाऊ द्यायची का?"

"काढ," मी म्हणालो. "तिला चेहरा बघायचा होता."