कुर्ल्या ज्याला शिवल्या नाहीत

ऐका. पण आधी ते दार ओढून घ्या, वारा दर्यावरून येतोय. आणि बाब्या, पाय आत घे रे.

ही आपली सुंदरा. अंगावर पिणारं पोर सासूजवळ ठेवून बाजारात मासे विकायला गेलेली. झाला उशीर! अंधार पडला. डोंगरावरची वाट लांबची, दर्याकाठची वाळूची पुळण जवळची. छाती दुधानं ठणकत होती हो तिची! निघाली पुळणीवरून. हातात कंदील, डोक्यावर टोपलीत उरलेले बांगडे.

आता आपली रीत काय? रात्री पुळणीवर उतरताना एक मासा वाळूत टाकायचा. बिळांतल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे हो, धावल्या, कुत्रं हुंगायला आलं, की खुशाल पुढे जायचं. कुणी शिवलं नाही, तर मागे फिरायचं. सुंदरानं टाकलाच नाही. घाईत विसरली बिचारी!

थोडी पुढे जाते तर वाळूत सुरमई. एवढी थोरली! ताजी, चमचमती. पण जवळ एक कुर्ली नाही. मागून येणारं कुत्रं दुरूनच थांबलं, शेपूट पायांत घातलं आणि केकाटत पळालं. मेल्या माशाला कुत्रं भ्यालेलं कधी बघितलंत? तरी हिनं उचलली. घातली टोपलीत.

टोपली जड झाली. आणखी जड. मानेवरून गार पाणी ओघळायला लागलं. आणि टोपलीतून आवाज आला, "सुंदरा गो, माका घराक व्हर!" घरी ने म्हणे!

अगागा! तिनं ती सुरमई भिरकावली आणि पळत सुटली. समोर वाडीचे दिवे दिसले. पोराचं रडणं ऐकू आलं. तिचं पोर! पान्हा फुटला, चोळी भिजली. धावतेय, धावतेय, पण दिवे तेवढेच लांब. पायाखाली वाळू बर्फासारखी गार.

तेव्हा तिला रीत आठवली. एक बांगडा पुढे टाकला. पडून राहिला. कुणी शिवेना. दुसरा मागे टाकला. खसखस! कुर्ल्या धावल्या, नांग्या उगारून ओढायला लागल्या.

म्हणजे पोराकडे पाठ करायची? कुठली आई करेल, सांगा! ती वळली मात्र, तोच मागून हाक आली, "आये, माका टाकून खंय चल्लंस?"

अरे, तिचं पोर अजून बोलत नव्हतं!

मग काय! बांगडा टाकायचा, कुर्ल्या आल्या की तिथवर पळायचं. बांगडा, कुर्ल्या, पुन्हा बांगडा. टोपली रिकामी झाली तेव्हा घराचं दार हाताला लागलं. पोर सासूच्या कुशीत गाढ झोपलेलं.

सकाळी आम्ही बघायला गेलो. तिची पावलं सरळ पाण्यात गेलेली, आणि तिथूनच परतलेली. परतीच्या वाटेवर टाकलेल्या बांगड्यांचा काटाही उरला नव्हता. ती सुरमई मात्र तशीच. भोवती कावळे, घारी, कुत्री दूर बसलेली. एकानं चोच लावली असेल तर शपथ!

पुढे पोर बोलायला लागलं. पहिल्यांदा "आये" म्हणालं, तेव्हा सुंदरा किंचाळून घराबाहेर पळाली होती.

म्हणून सांगतो पोरांनो, रात्री त्या पुळणीवरून जायचं नाही. घरून कुणी हाक मारली, तरी नाही.