राजमतीचं मौन

—नाही, चहा सांगतला, आता घ्याच लागन. शेलूबाजारात इंदरचंद सेठच्या कापड दुकानातून कोनी कोरड्या तोंडानं जात नाही. तं रूपाली, तुयं एमएसडब्ल्यू झालं, त्याच्यावर अजून दोन वर्षं मनाच्या दवाखान्यात मोठ्या म्याडमच्या नजरेखाली लोकाईचं आयकत बसाचं, मंग परीक्षा, मंग दिल्लीची नोंदनी — अन् हे सारं कायले? तं आयकता यावं म्हनून! अवं, मी जल्मभर या गादीवर आयकूनच राह्यलो. किन्हीराजाची गोजराबाई पोरीच्या लग्नाचा बस्ता घ्याले आली, तं घडी मोडाच्या आधीच रडाले लागली. मी पानी देल्लं, मोतिया रंगाचा शालू अंगावर टाकून दाखोला — हासत गेली. झालं का नाही तुयं ते क्लिनिकल? मले कोन नोंदवते?

तुले आमच्या टीनानं धाडलं, समजते मले. पोरगी पुन्यात बसून इथली काळजी करते. तिले सांग, तुयी आई बिमार नाही, व्रतात आहे. चातुर्मासात मौन घेतलं राजमतीनं. समाजानं सत्कार करून शाल देल्ली. तिच्यावतीनं मीच दोन शब्द बोललो — दोन काय, अर्धा घंटा. दौलतसिंग म्हने, सेठ, हे व्रत आमच्या घरचीलेही सांगा. सारे हासले. चातुर्मास? सरला नं, कार्तिकातच. आता वैशाख आहे, बरोबर. पन व्रत वाढवता येते, त्याले काय मुहूर्त लागते? जेवत नाही, तं उपास असन. झोपत नाही, तं जाप करत असन — मी काय तिच्या मनात बसलो?

तू बोल नं काही. इतकं शिकली अन् नुसती मान हालवून राह्यली. परीक्षेत अशी बसली तं नापास करतीन. वरच्या खोलीत, या उन्हात? राह्यते. पंखाही नाही, परवाच काढला म्या. वाजत होता. नवा आनतो म्हनलं, पन... नाही, वाजत नव्हता. दिवसभर त्याच्याकडंच पाहे ती. मंग काढला. वाळत घालाची दोरीही सोडून आनली. दुकानात कोनाले सांगतलं नाही — काय सांगू? शाल घेतली नं आमी.

चहा राहू दे. तुया म्याडमले फोन लाव, तिले आजच घेऊन येतो म्हन. पयले तू जा वर, जिना मांगून आहे. मी नाही येत. मी गेलो का डोये मिटते ती.