वेंडेल प्रुइटचे दोन बायोडेटा

हॅलो?

हो, वेंडेल प्रुइटचाच नंबर… नाही, तो घरी नाहीये.

होता की घरीच. मागच्या अंगणात जुन्या पिकअपखाली आडवा पडला होता, नुसते बूट बाहेर. नोरीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या बुटांकडे बघत धडधडीत खोटं बोलली आणि घेवड्याच्या भांड्याखालची आच कमी केली. फोन नवऱ्याचा, ओट्याजवळ चार्जिंगला लावलेला. नंबर अनोळखी, आवाज बाईचा, आणि गोड. म्हणजे तेच लोक. आठवडाभर हेच चाललं होतं. दर वेळी नवा नंबर, नवा माणूस, आणि बोलणं असं की जणू वेंडेलला जन्मापासून ओळखतात.

कशाबद्दल म्हणालात?… बायोडेटा. हो, मिळाला असणारच. सगळ्या जगाला मिळालाय तो…

नाही, निरोप काही घेत नाही मी. मी त्याची बायको. नोरीन.

त्या बायोडेटाचं असं झालं होतं. सैन्यातून सुटलेल्यांना नोकरीचे अर्ज लिहायला मदत करायला मिस ओडेल दर गुरुवारी गावच्या वाचनालयात बसायच्या. स्वतः सैन्याच्या कोठारात आयुष्य घालवलेली बाई, जीभ तिखट. वेंडेलचा पहिला कागद वाचून त्या म्हणाल्या होत्या, की बाबा रे, तोफेच्या तुकडीचा प्रमुख लागतो अशी जाहिरात या गावात मी तरी अजून पाहिलेली नाही. मग त्यांनी तोफेचं 'अवजड यंत्र' केलं, तोफगोळ्यांचा 'धोकादायक माल' केला आणि आरडाओरड्याचं 'प्रशिक्षण'. नोरीन तेव्हा पोट धरून हसली होती. बायोडेटा दोन झाले. एक गावासाठी, तो पाणीखात्यात गेला, पंपावरच्या नोकरीसाठी. मुलाखतही झाली, पुढे चिडीचूप. दुसरा मोठ्या कंपन्यांसाठी. त्यात वरच लिहिलं होतं, की गुप्त कामाची सरकारी परवानगी अजून चालू आहे.

हो, ऐकतेय… नाही हो, तुम्ही ऐका ना जरा. एक मिनिट ऐका.

त्या दुसऱ्या बायोडेटात 'कुठे जायची तयारी' अशी एक ओळ होती. ती वेंडेलनं घरी येऊन आपल्या मनानं भरली. 'हुकूम होईल तिथे.' दुसरं काही लिहायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही, इतकी वर्षं तेच उत्तर देत आला होता. आणि मिस ओडेलना न दाखवता त्यानं तो इंटरनेटवर टाकून दिला. नंतर कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, तू मेहनती आहेस असं तुला सांगायचं होतं, पण तू सांगितलंस की मला परत तिकडे न्या. आणि खरंच, तिकडे न्यायलाच लोक आले. खाजगी कंपनी. ज्या वाळवंटातून तो परत आला होता, तिथेच मालट्रकांच्या ताफ्याबरोबर बंदूक घेऊन हिंडायचं. पगार दांडगा. होकार शनिवारपर्यंत हवा होता, आणि आज गुरुवार. वेंडेल त्यांना नाही म्हणाला नव्हता. 'बघू' म्हणाला होता. त्या 'बघू'नं नोरीनची झोप उडवली होती.

बाई, तुमचं नाव काय म्हणालात?… हॅगर्टी. तर मिसेस हॅगर्टी, माझ्या नवऱ्याला घेऊ नका.

हो, तेच म्हणतेय मी. घेऊ नका त्याला.

कागदावर छान दिसतंय, मला माहितीये. मीच टाइप केलाय. पण कागदावर सगळं नसतं… नाही, थांबा, मला बोलू द्या. मी आज बोलले नाही तर पुन्हा मला धीर व्हायचा नाही.

या गावात असलं कुणी बोलत नाही. नवऱ्याचं पोट दुखतं हे शेजारणीला सांगतील, मूळव्याध सांगतील, पण डोक्याचं सांगत नाहीत. एकदा बाहेर पडलं की ती सरकारी परवानगी जाते, नोकरी जाते, आणि दुकानात लोक उगाचच मऊ बोलायला लागतात. अकरा वर्षांच्या संसारात नोरीननं हे सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

मंगळवारी तो डॉक्टरकडे जातो. डोक्याच्या. ते लिहिलेलं नाही कुठे…

गोळ्या, हो. दोन प्रकारच्या.

गावाशेजारच्या सैन्याच्या छावणीकडून सरावाची तोफ धडाडली, खिडकीची काच थरथरली. पिकअपखालचे बूट जरासुद्धा हलले नाहीत.

ऐकलंत ना? आमच्याकडे रोज असतं हे. या आवाजात तो गाढ झोपतो, बाई. लहान बाळासारखा. रविवारी तोफा बंद असतात ना, त्या दिवशी मला भीती वाटते. शांत झालं की तो उठतो. दारं बघतो, खिडक्या बघतो, बर्डीच्या पलंगाखाली बघतो… बर्डी आमची मुलगी. सात वर्षांची. बाबाला उठवायचं तर दारात उभं राहून हाक मारायची, जवळ जायचं नाही, हे तिला आम्ही शिकवलंय. तिला वाटतं सगळ्यांच्या घरी असंच असतं.

नाही… नाही, तिच्यावर कधी हात उचललेला नाही. माझ्यावरही नाही. एकदा तो झोपेत असताना मी त्याला हात लावला, तेव्हा… तो जागा झाल्यावर रडला. मनगट सुजलं होतं माझं. मी ऑफिसात सांगितलं जिन्यावरून पडले. आमचं घर एकमजली आहे, मिसेस हॅगर्टी. कुणी विचारलं नाही.

म्हणून सांगते. अशा माणसाच्या हाती पुन्हा बंदूक देऊन तुम्ही त्याला तिथे उभं करणार? मेला तर सैन्य शवपेटीवरचा झेंडा तरी पाठवतं, तुम्ही तोही नाही पाठवणार, तुम्ही तर कंपनी. आणि जगला तर? जे उरेल ते इथे माझ्या दारात आणून ठेवाल…

काय?

बंदूक. ताफ्याबरोबर… वाळवंटात. तुम्हीच नाही का…

नोरीन बोलायची थांबली. पलीकडची बाई बराच वेळ काहीतरी सांगू पाहत होती आणि आपण तिला तोंड उघडू दिलं नव्हतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

कुठून बोलताय तुम्ही?

पुन्हा सांगा.

पाणीखातं…

ती खुर्चीवर बसली.

आपल्या गावचं?… पंपावरच्या नोकरीचं. हो. अर्ज केला होता. हो, मुलाखतीला आला होता तो, निळा शर्ट, मीच इस्त्री केला होता…

म्हणजे तुम्ही फोन कशासाठी…

घेतलं होतं त्याला?

अरे देवा.

नाही, ऐका ना. मिसेस हॅगर्टी, ऐका. मी जे बोलले ते तुमच्यासाठी नव्हतं. मला वाटलं ते तिकडचे लोक. मी घाबरले हो, घाबरून वाढवून बोलले. बायकांना सवय असते वाढवून बोलायची… नाही. नाही, खोटं नाही बोलले. खरंय ते. सगळं खरंय. पण ते घरातलं आहे. कामात तो असा नाही, कामात त्याच्याइतका नीट माणूस तुम्हाला…

हो. क्लोरीनच्या टाक्या. माहितीये.

हो, रात्रपाळीला एकटाच माणूस. सगळ्या गावाचं पाणी. मला कळतंय तुम्ही काय म्हणताय ते.

पण तुम्ही ऐकलंच नाही असं नाही का करता येणार?… नाही. नसेल येत. तुमचीही नोकरी आहे.

पलीकडची बाई आता फार मऊ बोलत होती. नेमकं तसंच, जसं दुकानात बोलतात. ती विचारत होती, की मिस्टर प्रुइट केव्हा येतील, त्यांच्याशीच बोललेलं बरं. नोरीनच्या मनात आलं, की फोन बंद करावा, घेवड्याच्या भांड्यात बुडवावा, आणि वेंडेलला म्हणावं, कुणाचा फोन आलाच नाही. शनिवार उलटेपर्यंत कसंतरी रेटावं. पण मग पंपही गेला, आणि का गेला हे त्याला कधीच कळणार नाही. मग तर तो जाणारच.

तो घरीच आहे. हो, तेही खोटं बोलले मी. थांबा, देते.

ती अंगणात आली. वाकली, पण त्याच्या पायाला हात लावला नाही, जरा दूर उभं राहूनच हाक मारली. वेंडेल सरपटत बाहेर आला, कपाळावर तेलाचा डाग. तिनं फोन छातीशी दाबून धरला.

"पाणीखात्यातून आहे. त्यांनी तुला घेतलं होतं. मला वाटलं ते कंपनीवाले, म्हणून मी त्यांना सगळं सांगून बसले. मंगळवारचं, रविवारचं, माझ्या मनगटाचं. सगळं."

वेंडेल रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं चिंध्यांना हात पुसले, एकेक बोट नीट पुसलं, आणि फोन घेतला.

हॅलो. वेंडेल प्रुइट बोलतोय… होय मॅडम.

होय मॅडम.

होय, खरं बोलली ती… नाही मॅडम, वाढवून नाही. थोडं कमीच सांगितलं तिनं.

मग तो खूप वेळ ऐकत राहिला. उभा असा, की जणू समोर साहेब आहे. नोरीनला फक्त त्याची मान दिसत होती.

नाही मॅडम, पंपाची भीती नाही वाटत. पंपांचा आवाज चालूच असतो ना रात्रभर… होय. त्या आवाजात मी नीट राहीन, असं मला वाटतं.

डॉक्टरांचं पत्र? आणीन.

तो थांबला, आणि मग जे बोलला ते नोरीनकडे पाठ करून.

मॅडम, एक सांगू का? तिकडे जाणार नाही असं मी माझ्या बायकोला अजून म्हणू शकलेलो नाही. इथे दुसरं कुणी घेत नाही मला. तुम्ही घेतलंत तर नाही जाणार.

…होय मॅडम. समजलं. त्यांना विचारावं लागेल, बरोबर आहे. थँक यू, मॅडम.

फोन बंद झाला. छावणीकडच्या तोफा मघाशीच थांबल्या होत्या. नोरीननं विचारलं, काय म्हणाल्या.

"साहेबांना विचारून कळवतील."

"कधी?"

"सोमवारी."

कंपनीला होकार मात्र शनिवारपर्यंत हवा होता. नोरीननं फोनसाठी हात पुढे केला, पुन्हा चार्जिंगला लावते म्हणाली. वेंडेल म्हणाला, राहू दे, पुरेल एवढं चार्जिंग. त्यानं फोन खिशात टाकला आणि परत पिकअपखाली गेला.