दारामागचं चित्र

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एक सांगा. आपण काम करतो ते कशाला? ते चांगलं व्हावं म्हणून, का आपलं म्हणून दिसावं? लगेच उत्तर देऊ नका. खोटं बोलाल. आधी हिरेमठ सरांचं ऐका.

सोलापूरचे हे गुरुनाथ हिरेमठ सर. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त. शहरातल्या कलादालनात स्थानिक कलाकारांचं मोठं प्रदर्शन भरलं. एकशेचाळीस जणांची चित्रं! सरांनी सिद्धेश्वराच्या तलावाचं चित्र दिलं होतं. सकाळी जाऊन बघतात तर काय — चित्र दारामागं. दार उघडलं की तलाव गुडूप.

आणि समोरच्या भिंतीवर, ऐन मध्ये कुणाचं? नरसम्मा येमूल यांचं. घरी बसून विड्या वळणारी बाई. आयुष्यातलं पहिलं चित्र.

सरांना लागलं. तुम्हाला नसतं लागलं? पत्रिकेत आपलं नाव तळाला छापलं तर आपण लग्नाला जात नाही, मंडळी!

सर बाईंपाशी गेले. म्हणाले, "बाई, तुमचं चित्र लहान आहे, कुठंही मावेल. जागा बदलू या का?"

"बदला की सर," नरसम्मा म्हणाल्या. "मला कुठंही चालतंय."

दोघं राजी, मग संयोजकांचं काय जातंय? चित्रं बदलली. सर आपल्या तलावाशेजारी ताठ उभे राहिले. लोक यायचे, बघायचे, 'छान' म्हणायचे, पुढं जायचे. एकानं तर त्यांनाच विचारलं, "पाणी कुठं प्यायला मिळेल हो?" दोन तास गेले. पाय दुखायला लागले, मन मात्र भरेना.

शेवटी सर दाराकडं आले. तिथं नरसम्मा स्टूल घेऊन बसलेल्या. माणूस आत आला की त्या दार अलगद लोटायच्या, मागचं आपलं चित्र दाखवायच्या आणि म्हणायच्या, "आता आत जावा. समोर आमच्या सरांचा तलाव आहे, निवांत बघा."

सर तिथंच थबकले. हे चित्र त्यांनी हलवलं होतं, पण बघितलं नव्हतं. आत्ता बघितलं. मांडीवर सूप, सुपात विडीची पानं, एका पानावर दोन बोटं. अंगठ्याखाली एवढीशी सावली. तीस वर्षं मुलांना सावली शिकवली त्यांनी, पण अशी कुणाच्या हातून उतरली नव्हती. त्यांच्याही नाही.

"ही सावली कशी जमली, बाई?"

"रोज तेच बघते की सर."

सरांनी ते चित्र काढायला हात घातला. मग म्हणाले, "माझं चुकलं. चला, हे परत तिकडं लावू."

"असू द्या. दार लोटायला इथं कुणीतरी पाहिजेच की."

"तुम्ही आतली चित्रं बघितली?"

"नाही अजून. मी उठले तर दार कोण बघणार?"

"मी बसतो. तुम्ही सगळी बघून या. घाई करू नका."

बाई आत गेल्या. एकेका चित्रापुढं थांबत, पदर सावरत, एकशेचाळीस चित्रं बघत राहिल्या. आणि सर स्टुलावर बसले. संध्याकाळपर्यंत येईल त्याला सांगत होते, "थांबा, आधी हे बघा. नरसम्मा येमूल यांनी काढलंय." स्वतःच्या तलावाचं नाव काढायचं राहूनच गेलं.

आता तुमच्याकडं वळतो. पुढच्या सतरंजीवर ऐसपैस बसलेल्या मंडळींनो, जरा मागं बघा. त्या खांबाआड चार माणसं मघापासून मान वाकडी करून ऐकतायत. त्यांना पुढं येऊ द्या, तुम्ही खांबामागं जाऊन बसा. नाम तिथूनही तेवढंच ऐकू येतं.

उठताय ना? मी थांबतो.